मोरोक्कोचा प्रवास आणि प्रवाशाची सावधगिरी



आजचा विषय पत्रिकेत छापून आल्यापासून गावात जो भेटतो तो आम्हांला एकच प्रश्न विचारतो आहे. फेझ शहरातील करवियीन हे विद्यापीठ परंपरेप्रमाणे इ. स. ८५९ मध्ये स्थापन झाले. पण तेथे काय शिकवीत असत, हे कोणी विचारीत नाही. ॲटलासच्या बर्फाविषयी किंवा सहारातील वाळूविषयीही विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, की "तिकडे जिवाला धोका नाही ना?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडील प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत आता मोरोक्कोचे नाव दिसू लागले आहे. कोणाची मुलगी मैत्रिणींबरोबर निघाली आहे, कोणी निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन जाणार आहे. ज्याचे माणूस जाणार तो प्रथम हेच विचारणार. म्हणून आजचे सारे व्याख्यान या एकाच प्रश्नाला वाहण्याचे आम्ही ठरविले आहे.

आरंभी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आपण तिकडे जाण्याच्या पुष्कळ आधी तिकडचा एक प्रवासी आपल्याकडे येऊन गेला आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोतील तांजिअरचा. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो एकटाच घराबाहेर पडला. पुढे वाटेत तापाने इतका फणफणला, की घोड्यावरून पडू नये म्हणून त्याने स्वतःला पागोट्याच्या कापडाने खोगिराशी बांधून घेतले. ट्यूनिसला यात्रेकरूंचा तांडा मिळाला, तेव्हा तो त्यात सामील झाला. पुढे दिल्लीस महंमद तुघलकाचा काझी झाला, आणि १३४२ साली सुलतानाने त्याला वकील म्हणून चीनकडे धाडले. दिल्ली सोडून फार लांब गेला नाही तोच कोयल, म्हणजे आजचे अलीगढ, याच्या आसपास तो साथीदारांपासून चुकला आणि त्याला आमच्या लोकांनी लुटले! कसाबसा वाचला, आणि मग दौलताबाद, नंदुरबार करीत खंबायतेकडे गेला. मोरोक्कोत आपल्याला कोण लुटील याची चिंता करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा. आणखी एक गोष्ट अशी, की बतूता लुटला गेला तो सोबत्यांपासून चुकल्यावर. सातशे वर्षांत जग पुष्कळ बदलले, पण एकट्या पडलेल्या वाटसरूची स्थिती फारशी बदललेली नाही.

आता भीतीचा हिशेब मांडू. भीती वाटते ती वर्तमानपत्रांतील बातम्यांमुळे, आणि त्या बातम्या खोट्या नाहीत. १६ मे २००३ रोजी कासाब्लांकात बाँबस्फोट झाले. २८ एप्रिल २०११ रोजी माराकेशच्या प्रसिद्ध चौकातील अर्गाना उपाहारगृहात स्फोट होऊन १७ माणसे मेली. त्यांत बहुतेक परदेशी पाहुणे होते. डिसेंबर २०१८ मध्ये इमलील गावाजवळच्या डोंगरात तंबू ठोकून राहिलेल्या दोन स्कँडिनेव्हियन तरुणींची निर्घृण हत्या झाली. या गोष्टी झाकून कोणी मोरोक्कोचे गुणगान करील तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण त्याच देशात २०२४ साली एक कोटी चौऱ्याहत्तर लाख पाहुणे येऊन गेले, हेही ध्यानात घ्यावे. आणि त्याच वर्षी तेथील रस्त्यांवर अपघातांत चार हजारांहून अधिक माणसे दगावली. आमचा अनुभव असा, की प्रवासी ज्याला भितो ते त्याच्या वाट्याला क्वचितच येते. ज्याच्याकडे तो पाहतही नाही ते मात्र रोज त्याच्या शेजारून जात असते.

पहिली गोष्ट अगदी पोरकट वाटेल. मोरोक्कोत वाहने उजव्या बाजूने चालतात. आपली मान जन्मभर रस्ता ओलांडताना प्रथम उजवीकडे वळलेली. तेथे मोटार येते डावीकडून. मोठ्या पुलांची, बोगद्यांची, बर्फाच्या घाटांची काळजी करणारी माणसे हॉटेलच्या दारातच मोटारीखाली येता येता वाचलेली आम्ही पाहिली आहेत. निदान पहिले चार दिवस दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

शहरात लहान टॅक्सी असतात. कासाब्लांकात आणि फेझमध्ये त्या लाल, रबातमध्ये निळ्या. त्यांत तीनच माणसे बसतात, त्यांना मीटर असते, रात्री दर दीडपट होतो. मीटर टाकायला सांगावे, नाही टाकले तर उतरून दुसरी पाहावी. वाद घालू नये. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मोठ्या टॅक्सींचा प्रकार निराळा. सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना "वडाप" म्हटले की तो चटकन कळेल. सहा उतारू जमल्याशिवाय गाडी हलत नाही; दोघे पुढे चालकाशेजारी, चौघे मागे. दोन जागांचे पैसे देऊन ऐसपैस बसता येते, आणि तसे कोणी केल्यास त्याला तेथे कोणी हसत नाही. मात्र ॲटलास ओलांडणारा तिशकाचा घाट २,२६० मीटर उंच आहे, वळणे पुष्कळ, आणि चालकांना घाई फार. ऑगस्ट २०२३ मध्ये अझिलाल प्रांतातील डोंगरी रस्त्यावर एक लहान बस उलटून २४ माणसे मेली. हे घाट दिवसाच ओलांडावेत. चालक पेंगतो आहे असे वाटले तर चहाचे निमित्त काढून गाडी थांबवावी. पुदिन्याच्या चहाला नाही म्हणणारा मोरोक्कन चालक आम्हांला भेटलेला नाही. जेथे रेल्वे जाते तेथे रेल्वेनेच जावे हे उत्तम. तांजिअर, रबात, कासाब्लांका, फेझ, माराकेश ही सारी शहरे रुळांनी जोडलेली आहेत, आणि २०१८ पासून तांजिअर ते कासाब्लांका तासाला ३२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आहे.

आता फेझच्या जुन्या शहरात चला. त्याला "मेदीना" म्हणतात. तटाच्या आत हजारो गल्ल्या, त्यांतल्या काही इतक्या अरुंद की दोन माणसांना एकमेकांना वाट देण्यासाठी अंग चोरावे लागते. मोटारीला प्रवेश नाही. माल वाहतात गाढवे आणि खेचरे. मागून आरोळी येते, "बालक! बालक!" आपल्याला वाटते, कोणाचे पोर हरवले. तसे नव्हे, त्या बोलीत "बालक" म्हणजे "सांभाळा, बाजूला व्हा." तो शब्द कानी पडताच मागे वळून न पाहता भिंतीला चिकटावे. पाहत राहिलात तर कातड्यांनी लादलेले खेचर आपली ओळख स्वतःच करून देते.

या गल्ल्यांत वाट चुकणे अटळ आहे, आणि वाट चुकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच तेथील काही तरुणांचा चरितार्थ चालतो. एखादा पोरगा शेजारून चालू लागतो. "नमस्ते! अमिताभ बच्चन! शाहरुख खान!" असे तो म्हणतो, कारण हिंदी चित्रपटांचे वेड तिकडे जुने आहे. मग सांगतो, "पुढचा रस्ता बंद आहे, कातडी कमावण्याचे कुंड इकडे." रस्ता बंद नसतो. दहा वळणे घेऊन तो आपल्याला एखाद्या चुलतभावाच्या दुकानात नेतो, किंवा अशा जागी नेतो की परतीची वाट दाखविण्याचे पैसे मोजल्याखेरीज गत्यंतर नसते. रक्कम कमी वाटली तर आवाज चढतो, आणखी दोघे येऊन उभे राहतात. मारहाणीपर्यंत गोष्ट सहसा जात नाही, पण आपल्या बायका-मुलांसमक्ष अनोळखी गल्लीत तिघांनी वेढलेला गृहस्थ खिशात हात घालतो तो काही खुशीने नव्हे.

यावर उपाय कोणता? पुष्कळजण सांगतील, कोणाशीही बोलू नका. हा उपाय आम्हांला रोगापेक्षा वाईट वाटतो. हजारो कोस जाऊन कोणाशीच बोलायचे नसेल तर जायचे कशाला? आम्ही तेथे एक साधा नियम पाळला. जो आपण होऊन आपल्याकडे येतो त्याला वाट विचारायची नाही. जो आपल्या कामात आहे, ज्याला आपली गरज नाही, त्याच्याकडे आपण होऊन जायचे. दुकानात पितळेवर ठोके घालीत बसलेला तांबट, भाकरीचा कणीक फळीवर घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीकडे निघालेली बाई, मुलाला शाळेत पोचविणारा बाप. हा तांबट दुकान सोडून आपल्याबरोबर येणार नाही. हाताने दाखवील, फार तर शेजारच्या पोराला वळणापर्यंत धाडील, आणि आपण नाणे पुढे केले तर छातीवर हात ठेवून नको म्हणेल. या नियमाने आम्हांला वाट तर मिळालीच, पण दोन ठिकाणी चहाही मिळाला. जो आपण होऊन आला त्याला "ला, शुक्रन" म्हणजे "नको, आभारी आहे" एवढेच हसून म्हणावे आणि चालते राहावे. थांबू नये, कारणे सांगू नयेत, आणि चिडून त्याच्या जातीकुळाचा उद्धार तर मुळीच करू नये.

वाटाड्या हवाच असेल तर सरकारी परवान्याचा घ्यावा. त्याच्या गळ्यात बिल्ला असतो. किती तास, कोठे कोठे, आणि दुकानात नेणार की नाही, हे निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. "तुमची मर्जी असेल ते द्या" हे वाक्य आपल्याकडच्या पंड्यांनी आपल्याला पुरेसे शिकविलेले आहे. तेथेही त्याचा अर्थ तोच. भाव आधी ठरतो तो व्यवहार, नंतर ठरतो तो तंटा.

चामड्याच्या कुंडांवरच्या गच्चीत जाताना नाकाशी धरायला पुदिन्याची डहाळी देतात, ती खुशाल घ्यावी. तिची खरोखरच गरज लागते.

माराकेशचा जमा-अल-फना हा चौक म्हणजे रोजची जत्राच. गारुडी, माकडवाले, कथेकरी, लाल अंगरख्याचे पाणके. गारुडी गळ्यात साप टाकतो आणि मग तो काढून घेण्याचे पैसे मागतो. छायाचित्र काढले की दाम द्यावाच लागतो, तेव्हा द्यायचा नसेल तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. गर्दीत पिशवी पुढच्या बाजूस घ्यावी, आणि रस्त्याने चालताना भिंतीकडच्या खांद्यावर. फटफटीवरून येऊन पिशवी वा दूरध्वनी हिसकावून नेण्याचे प्रकार कासाब्लांकात आणि माराकेशमध्ये होतात.

त्या चौकात बायका मेंदीची पिचकारी घेऊन बसतात. नको म्हणेपर्यंत हातावर नक्षी सुरू झालेली असते. आपल्या भगिनींना मेंदी ओळखायला शिकविण्याची गरज नाही. खरी मेंदी काळी नसते, आणि घटकेत रंगत नाही. जी लावताक्षणी काळीभोर दिसते तिच्यात केस रंगविण्याचे रसायन, पॅरा-फेनिलिन-डायअमीन, मिसळलेले असते. त्याने कातडीवर फोड येतात, व्रण राहतात, आणि पुढे जन्मभर केसांचा कलपसुद्धा सोसत नाही. पैसे गेले तर परत मिळवता येतात. येथे हात आखडता घेण्याचे कारण पैसे नव्हे.

यापेक्षाही गंभीर गोष्ट मांजराची आहे. इब्न बतूताने दौलताबादच्या किल्ल्यातील तळघरांत मांजरांनाही भिवविणारे उंदीर असल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र राज्य मांजरांचे. दुकानाच्या पायरीवर, मशिदीच्या दाराशी, उपाहारगृहात आपल्या पायांशी, सगळीकडे मांजरे. लोक त्यांना प्रेमाने खाऊ घालतात. प्रवासी मुले त्यांना उचलायला धावतात. पण मोरोक्कोत अलर्क रोग, ज्याला आपण कुत्रा पिसाळणे म्हणतो, तो आहे, आणि तो मांजरालाही होतो. २०१८ साली मोरोक्कोत मांजर चावलेला एक प्रवासी ब्रिटनमध्ये या रोगाने दगावला. २०२५ साली आणखी एक ब्रिटिश बाई दगावली. तिला तेथे एका भटक्या कुत्र्याच्या पिल्लाने नुसते ओरबाडले होते. ओरखडा किरकोळ दिसला तरी साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता जुनी झाली. लस दंडात देतात. एकदा लक्षणे दिसू लागली की मग वैद्यकाच्या हाती जवळजवळ काही उरत नाही. सहल पुढे जाईल म्हणून दवाखाना चुकवू नये.

डोंगर आणि वाळवंट यांबद्दल थोडक्यात सांगतो. इमलीलच्या हत्याकांडानंतर तुब्काल शिखराच्या वाटेवर, जे ४,१६७ मीटर उंच आहे, स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत. चौकीवर पारपत्र पाहतात. हा त्रास नव्हे, सोय आहे. वाळवंटाच्या कडेला कोरड्या नद्या असतात. त्यांचे पात्र सपाट, सावलीचे, तंबूला अगदी सोयीचे दिसते, आणि तेथेच तंबू ठोकू नये. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येतो. ऑगस्ट १९९५ मध्ये माराकेशजवळच्या उरिका खोऱ्यात सुटीसाठी आलेली दोनशेहून अधिक माणसे अशाच लोंढ्यात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आग्नेय मोरोक्कोत इतका पाऊस झाला, की कित्येक वर्षे कोरडे पडलेले इरिकी सरोवर पुन्हा भरले.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ॲटलासमध्ये भूकंप झाला आणि २,९०० हून अधिक माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. किल्लारीची पहाट ज्यांना आठवते त्यांना याहून अधिक सांगायला नको. डोंगरातल्या घरी मुक्कामाला राहाल तेव्हा दार कोणीकडे उघडते ते झोपण्यापूर्वी पाहून ठेवावे. जोडे आणि विजेरी उशाशी असावी.

अल्जीरियाची सरहद्द १९९४ पासून बंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सैदिया किनाऱ्यावरून पाण्यातल्या फटफट्यांवर निघालेले तरुण वाट चुकून पलीकडच्या हद्दीत गेले, आणि अल्जीरियाच्या तटरक्षकांच्या गोळ्यांनी त्यांतले दोघे ठार झाले. दक्षिणेकडे पश्चिम सहारात १९७५ नंतरच्या लढाईत पेरलेले सुरुंग अजून आहेत. तेथे रुळलेला रस्ता सोडून गाडी घालणे म्हणजे शुद्ध आत्मघात.

कायद्याचे दोन शब्द. पोलीस, लष्कर, त्यांच्या इमारती यांची छायाचित्रे घेऊ नयेत. उडता कॅमेरा, म्हणजे ड्रोन, परवान्याशिवाय नेल्यास विमानतळावरच ठेवून घेतात. रीफच्या डोंगराकडे, निळ्या रंगाच्या त्या सुंदर शेफशावन गावात, कोणी ना कोणी "कीफ" म्हणजे गांजा पुढे करतोच. २०२१ च्या कायद्याने औषधासाठी आणि उद्योगासाठी परवानाधारकांना लागवडीची मुभा मिळाली. प्रवाशाच्या खिशातील पुडी आजही गुन्हाच आहे. बहुतेक मशिदींत इतर धर्मीयांना प्रवेश नाही. कासाब्लांकाची १९९३ साली पुरी झालेली हसन दुसरे यांची मशीद मात्र वाटाड्यासह पाहता येते, आणि पाहावीच.

स्त्रियांविषयी आम्ही पुरुषांनी अधिकाराने बोलणे बरे नव्हे. आमच्याबरोबरच्या भगिनींनी जे सांगितले ते सांगतो. रस्त्यात शब्द टाकणारे टोळभैरव तेथे आहेत, जसे ते आपल्या गावच्या बसस्थानकावरही आहेत. उत्तर न देणे, चालत राहणे, आणि पाठलाग होतो आहे असे वाटले तर सरळ एखाद्या दुकानात शिरून दुकानदाराला किंवा तेथल्या बाईला सांगणे, हा उपाय त्यांना प्रत्येक वेळी लागू पडला. दुकानदार बाहेर येऊन मोठ्याने बोलला की चौकातले सगळे लोक त्या पोराकडे पाहू लागतात, आणि त्या समाजात ती शिक्षा लहान नाही. सप्टेंबर २०१८ पासून सार्वजनिक जागी स्त्रीची छेड काढणे हा तेथे एक ते सहा महिने कैदेचा गुन्हा आहे. गाडीत बायकांशेजारी जागा मागितली की ती लगेच मिळते, आणि भाषा न कळताही संत्री सोलून हातात येतात.

शेवटी, काही घडलेच तर. शहरात पोलिसांचा क्रमांक १९, खेड्यापाड्यांत जांदार्मरीचा १७७, आग आणि रुग्णवाहिका १५. हे तीन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण दूरध्वनीच चोरीला गेला तर त्यात साठविलेले काही कामाला येत नाही. त्याच कागदावर मुक्कामाच्या जागेचा पत्ता यजमानाकडून अरबीत लिहवून घ्यावा. जुन्या शहरात टॅक्सी तटाच्या दरवाजापर्यंतच जाते, म्हणून कोणत्या दरवाजाशी उतरायचे त्याचे नावही लिहून घ्यावे. बाब म्हणजे दरवाजा. पारपत्राची एक प्रत सामानात आणि एक घरी असावी. चोरी झाल्यास त्याच दिवशी चौकीवर जाऊन फिर्याद नोंदवावी. माराकेश आणि फेझ येथे प्रवाशांसाठी निराळे पोलीस आहेत. फिर्यादीची शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी. विम्याचे पैसे त्याशिवाय मिळत नाहीत, आणि पारपत्र गेले असेल तर रबातच्या भारतीय दूतावासातही तोच कागद पुढे करावा लागतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेले आम्ही पाहिले आहे. ज्यांचे कोणी जाणार असेल त्यांनी बाजूच्या खोलीत यावे. फेझचा नकाशा आम्ही बरोबर आणला आहे.